गाडी कोटीची, पण पायात काय?

एखाद्या मित्राने नवी, ऐंशी-नव्वद लाखांची फोर बाय फोर घेतली की आपण सगळे तिच्याभोवती गोळा होतो. सनरूफ उघडून बघतो, सीटच्या लेदरवरून हात फिरवतो, स्पीकर किती आहेत ते मोजतो. मग कुणीतरी हळूच ‘ॲव्हरेज काय देते रे?’ हा अस्सल मराठी प्रश्न विचारतं आणि सगळे हसतात. टायरकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. फार तर अलॉय व्हील्स किती इंची आहेत, एवढंच. जितके मोठे, तितकी गाडी भारी!

माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये टायर सेक्शनला होते. त्यामुळे आमच्या घरात गाडी बघायची पद्धत जरा वेगळी. नवी गाडी समोर आली की बाबा आधी तिच्या चाकापाशी उकिडवे बसतात, टायरवरून अंगठा फिरवतात, खाचेत नख घालून खोली बघतात. बॉनेट वगैरे नंतर. ‘गाडी बघायची तर आधी खाली वाक,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि त्यात दम आहे. अडीच टनांच्या गाडीचे ब्रेक, तिचं एबीएस, चिखलात चाक फिरायला लागलं की आपोआप आवरणारं ते सगळं कॉम्प्युटरचं डोकं, या सगळ्यांचा जमिनीशी संबंध येतो तो फक्त चार ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी साधारण पसरलेल्या तळहाताएवढं रबर. बस्स! बाकीची कोटभर रुपयांची गाडी हवेत असते.

हे वाक्य गेल्या सप्टेंबरात फार कामाला आलं. माझा एक मित्र सीए आहे आणि ग्रुपमध्ये सगळे त्याला ‘सीए’च म्हणतात. ऑफिस बीकेसीत, घर ठाण्यात आणि पार्किंगमध्ये दीड वर्षाची लक्झरी फोर बाय फोर. गाडीचं नाव सांगत नाही. या गाडीने तोवर केलेली सगळ्यात अवघड चढाई म्हणजे मॉलच्या पार्किंगचा रॅम्प. एका रात्री त्याचा मेसेज आला, ‘जव्हार. शिरपामाळ. ऑफ-रोडिंग!’ पाठोपाठ काळ्याकुट्ट, मगरीच्या पाठीसारख्या टायरांचा फोटो. ‘चार घेतोय. कसले भारी आहेत ना?’

भारी होतेच. प्रश्न एवढाच होता की ते कशासाठी भारी होते?

माळ कसला, रस्ता कसला

शिरपामाळ माहीत नसेल तर थोडं सांगते. जव्हार म्हणजे पालघर जिल्ह्यातलं जुन्या संस्थानाचं गाव. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, त्याआधी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. मुकणे घराण्याचं राज्य, जयविलास राजवाडा, दाभोसाचा धबधबा, भिंतींवरची वारली चित्रं हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. गावाजवळचा शिरपामाळ त्यामानाने कमी माहितीचा. सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांनी १६६३ च्या डिसेंबरअखेरीस इथे मुक्काम केला, जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांचं स्वागत केलं आणि इथे मानाचा शिरपेच दिला गेला, अशी या माळाची ओळख. शिरपेचाचा माळ म्हणून शिरपामाळ. त्यानंतर काही दिवसांत, जानेवारी १६६४ मध्ये, मराठ्यांचं घोडदळ सुरतेच्या वेशीवर होतं.

म्हणजे ऑफ-रोडिंग इथे नवीन नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी एक अख्खी फौज याच डोंगरांमधून गेली, आणि घोड्याच्या पायात काय आहे याची काळजी त्या लोकांनीही घेतलीच असणार. नाल निसटला की घोडा लंगडतो. टायर फाटला की गाडी.

आता जमीन. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. पावसाळ्यात कच्च्या वाटांवर वर चिकट माती, तिच्याखाली काळा कातळ, आणि मधूनमधून धारदार कडांचे दगड. उन्हाळ्यात त्याच वाटा खडखडीत आणि धुरळ्याच्या. उतारांवर भात, नागली आणि वरईची शेतं. खुद्द माळावर जायला हाताशी रस्ता आहे. सीएच्या डोक्यात होत्या त्या माळाच्या पलीकडच्या, पाड्यांकडे उतरणाऱ्या वाटा.

सीएला पटेल असा हिशोब

मी त्याला फोन केला आणि म्हटलं, ‘तुझ्या भाषेत बोलू. ठाण्याहून मनोर, विक्रमगड करत जव्हार. जाऊन-येऊन किती?’

‘अडीचशे, पावणेतीनशे.’

‘त्यात कच्चा रस्ता?’

‘असेल पाच-सहा किलोमीटर.’

‘आणि वर्षभरात?’

तो गप्प. वर्षभरात त्याची गाडी बारा हजार किलोमीटर चालते. वर्षाकाठी चार असे वीकेंड धरले तरी मातीतले किलोमीटर पंचवीसच्या वर जात नाहीत. बाकी सगळं ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, बीकेसीचा सिग्नल आणि पुण्याला सासरवाडी.

टायरची निवड इथून सुरू होते, फोटोवरून नाही. मोठ्या गाड्यांसाठी बाजारात ढोबळ तीन प्रकार मिळतात. पहिला एच/टी, म्हणजे हायवे टेरेन. शोरूममधून गाडी येते ती बहुधा यावर किंवा याहूनही गुळगुळीत, स्पोर्टी टायरवर. आवाज नाही, ओल्या डांबरावर पकड चांगली, पण चिखल लागला की खाचा बुजतात आणि साइडवॉल नाजूक. तिसरा एम/टी, मड टेरेन, तोच मगरीच्या पाठीचा. मोठमोठे ठोकळे, त्यांच्यामध्ये रुंद मोकळी जागा. चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो आणि ठोकळे पुन्हा मोकळे होतात. जाड साइडवॉल. हे फायदे खरे आहेत. गोव्यात २०१४ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरायचं तर याला पर्याय नाही.

पण त्याची किंमत फक्त बिलावर नसते. ठोकळ्यांमधली मोकळी जागा म्हणजे डांबराला न टेकणारं रबर. एच/टी टायरवर असतात तशा पाणी कापणाऱ्या बारीक चिरा इथे कमी. त्यामुळे ओल्या डांबरावर एम/टी वर गाडी थांबायला साधारणपणे जास्त अंतर लागतं, वळणावर ती सैल वाटते, हायवेला सतत गूं-गूं आवाज, आणि डिझेल जास्त.

या दोघांच्या मधला ए/टी, ऑल टेरेन. ठोकळे आहेत पण जवळजवळ बसवलेले, त्यांच्यावर चिरा आहेत, साइडवॉल एच/टी पेक्षा दणकट. चिखलात एम/टी इतका शूर नाही आणि हायवेला एच/टी इतका शांत नाही. पण ऑफिसला जाऊन वर्षातून चारदा माती बघणाऱ्या माणसासाठी बनवलेला टायर हाच.

सीए म्हणाला, ‘म्हणजे बॅलन्स्ड फंड!’ मी म्हटलं, तसंच समज.

इंचांचा मोह

लक्झरी गाड्यांची खरी गोची पुढेच आहे. त्यांचे रिम. वीस इंच, एकवीस इंच, बावीस इंच. टायरवर २५५/६० आर २० असं काहीतरी लिहिलेलं असतं. २५५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के साइडवॉलची उंची, आणि २० म्हणजे रिम किती इंची.

२०१९ मध्ये जगासमोर आलेल्या नव्या लँड रोव्हर डिफेंडरचं उदाहरण घ्या. तिला २५५/७० आर १८, २५५/६५ आर १९ आणि २५५/६० आर २० असे वेगवेगळे टायर येतात. कॅल्क्युलेटर काढा. तिन्ही चाकांची बाहेरून उंची जवळपास सारखी, ८१४ मिलिमीटर. मग फरक कुठे? साइडवॉलमध्ये. वीस इंची रिमवर ती १५३ मिलिमीटर, अठरा इंचीवर १७८. म्हणजे रिम लहान केला की गाडी तितकीच उंच राहते, स्पीडोमीटर तेच दाखवतो, आणि दगड व रिम यांच्यामध्ये अडीच सेंटिमीटर जास्त रबर आणि हवा येते. हे अडीच सेंटिमीटर मातीत सोन्याच्या मोलाचे असतात. टायरचा हा मऊ भागच दगडावर दबतो आणि पुन्हा फुगतो. तो बारीक असला की दगड थेट रिमवर आदळतो.

म्हणून नियम सोपा: कंपनीने तुमच्या मॉडेलला चालतो म्हणून सांगितलेला सगळ्यात लहान रिम शोधा. स्वतःच्या मनाने मात्र लहान करू नका, कारण मोठ्या इंजिनच्या गाड्यांचे ब्रेक कॅलिपर मोठे असतात आणि लहान रिम त्यांना घासतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये नाही तो साइज घातला तर वॉरंटी आणि इन्शुरन्सची कटकटही मागे लागू शकते.

आणखी एक आकडा बघा, जो दुकानदार सहसा सांगत नाही. साइजच्या पुढे ११२ एच किंवा ११५ टी असं छापलेलं असतं. यातला आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलतो. ११२ म्हणजे ११२० किलो, ११५ म्हणजे १२१५. अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा, टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०. कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी वजनाचा टायर स्वस्तात मिळाला तरी घ्यायचा नाही. पाच माणसं, बॅगा आणि वर कॅरियरवर तंबू, हे सगळं त्या आकड्यावर बसलेलं असतं. शिवाय साइडवॉलवर चार आकडी तारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. चकाचक पण तीन वर्षं गोदामात पडलेला टायर ‘नवा’ म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो.

सीएने मगरीचा फोटो डिलीट केला. मॅन्युअल उघडलं. त्याच्या गाडीला अठरा इंची रिम चालत होते. त्याने अठराचे ए/टी घेतले, आणि चार नाही, पाच. स्टेपनीसाठी पाचवा. कारण बऱ्याच महागड्या गाड्यांत स्टेपनी म्हणून बारीक, तात्पुरतं चाक किंवा नुसती गळती बंद करायच्या द्रवाची बाटली देतात. टायरच्या तळाला खिळा लागला तर बाटली आणि पंक्चर किट कामाला येतात. दगडाने साइडवॉल फाडली तर दोन्हींचा उपयोग नाही. आणि तुमच्या खास साइजचा टायर जव्हारच्या पंक्चरवाल्याकडे असेल, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

घाटात आणि माळावर

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी निघालो. सीए, त्याची बायको, सहा वर्षांची मुलगी आणि मी. त्या दिवसाचा सगळ्यात धोक्याचा क्षण मातीवर आलाच नाही. तो आला विक्रमगड सोडल्यावर, घाटात, चांगल्या डांबरावर. नुकतीच सर येऊन गेलेली, वळण डावीकडे, आणि वळणामागे रस्ताभर गुरं. सीएने ब्रेक दाबला, एबीएस थरथरलं, आणि गाडी शेवटच्या गाईपासून दोनेक हातांवर थांबली. मागून पोरगी म्हणाली, ‘बाबा, गाय!’ आम्ही दोघं काही बोललो नाही. दोन हात म्हणजे फार नाही. ते दोन हात कशातून मिळाले, हे त्याला सांगायची गरज पडली नाही.

शिरपामाळावर पोचलो तेव्हा ढग खाली आले होते. स्मारकापाशी थोडं थांबलो, मुलीला महाराजांची गोष्ट सांगितली. पुढे कच्ची वाट लागते तिथे मी कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज काढलं. चारही टायर ३६ वरून २४ पीएसआयवर आणले. आकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी: वजन तेच, हवेचा दाब दोन तृतीयांश, म्हणजे जमिनीला टेकणारं रबर ढोबळ हिशोबाने दीडपट. फुकटात! चाक दगडाला ठेचत नाही, त्याच्यावरून ओघळतं. आतल्या माणसांची हाडंही शाबूत राहतात. अटी दोनच. वेग तीसच्या आत, वळणं हळू. आणि परत डांबरावर यायच्या आधी हवा पुन्हा भरायची. म्हणून कॉम्प्रेसर सोबत नसेल तर हवा सोडूच नका.

एक-दीड किलोमीटर मस्त गेलो. मग वाट खाली वळली आणि समोर आला ओला, चकचकीत उतार. सीएचे डोळे लकाकले. बायकोने मोबाइल व्हिडिओवर लावला.

तेवढ्यात खालून एक काळी-पिवळी जीप चढून आली. आत निदान दहा माणसं, टपावर नागलीची पोती की काय, आणि मागची दोन्ही चाकं रिमोल्ड. सवयीने मी आधी तेच बघितलं. ड्रायव्हर कुठल्या दगडावर चाक ठेवायचं ते पाठ असल्यासारखा आला, एकदाही चाक जागच्या जागी फिरू न देता. आमच्यापाशी थांबला. गाडीचं कौतुक केलं, किंमत विचारली, ऐकून हसला. मग म्हणाला, ‘खाली नका जाऊ शेठ.’

सीए म्हणाला, ‘निघेल वर. फोर बाय फोर आहे.’

‘निघंल की. गाडी निघंल, चर राहील. रात्री पाऊस आला की त्या चरातून पाणी पळतं. दोन पावसांत गुडघ्याएवढा होतो. मग माझी जीप खाली टेकते. एकशे आठची ॲम्ब्युलन्स तर वरच थांबते. बाई अडली, की झोळी करायची आणि खांद्यावर आणायची.’

तो रागावलेला नव्हता. रस्त्याची माहिती द्यावी तसं बोलला आणि गेला.

आपण दर पावसाळ्यात पेपरमध्ये ते फोटो बघतो. झोळीतली बाई, चिखलातून चालणारी चार माणसं. फोटोखाली जव्हार नाहीतर मोखाडा. ‘रस्ते का नाहीत’ हा त्यातला मोठा प्रश्न आहे आणि तो टायरने सुटणारा नाही. पण आहे तो रस्ता कशाने मोडतो, यात टायरचा वाटा नक्की आहे. एम/टी टायरचा गुण काय? मऊ थर खणून खालची कठीण जमीन शोधणं. स्पर्धेच्या ट्रॅकवर तो गुण. पाड्याच्या एकुलत्या एका वाटेवर, ओल्या उतारावर, आपण ॲक्सिलरेटर दाबून चाकं भिंगरीसारखी फिरवतो तेव्हा तोच गुण म्हणजे नांगर. ए/टी आणि कमी हवा हे नुकसान कमी करतात, शून्य करत नाहीत. ओली माती ती ओलीच.

सीएने थोडा वेळ उताराकडे बघितलं. त्याने गाडी मागे घेतली, कातळावर लावली आणि हँडब्रेक ओढला. आम्ही खाली चालत गेलो. अर्धा तास लागला. मुलीने चपला हातात घेतल्या आणि वाटेतल्या प्रत्येक डबक्यात उडी मारली. व्हिडिओ तिचाच निघाला.

निघण्याआधी

तेव्हा मंडळी, पुढच्या वीकेंडला तुमचीही गाडी जव्हारच्या दिशेने जाणार असेल, तर एवढं करा. वर्षभरातले मातीचे किलोमीटर प्रामाणिकपणे मोजा. शंभरातले पाचही नसतील, तर एम/टी चा नाद सोडा आणि चांगले ए/टी घ्या. फक्त माळापर्यंतच जायचं असेल, तर अंगावरचे एच/टी सुद्धा चालतील. रिम कंपनी परवानगी देते तितका लहान, वजनाचा आकडा कंपनी सांगते तितका किंवा जास्त. स्टेपनी पूर्ण आकाराची. हवेचा दाब सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर बघून तपासा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला. पावसाळ्यात घाट चढणाऱ्यांनी तर तोवर थांबूच नये. वनखात्याच्या जमिनीत परवानगीशिवाय गाडी घालू नका. शेताच्या बांधावर चाक नको, आणि वाटेवर समोरून काळी-पिवळी आली तर तिला आधी जाऊ द्या. तिच्यात बसलेल्यांना कुठेतरी पोचायचं असतं.

आणि उतार ओला असेल, तर गाडी कातळावर लावून सरळ चालायला लागा. त्यासाठी कुठला टायर लागत नाही. चांगले बूट मात्र घ्या.